देवाला न चालणारं फूल

‘दिसायला बरंय, पण उपयोग काय? ना वास, ना देवाला चालत.’

माझ्या पिटुनियाच्या कुंड्यांपुढे उभं राहून हा निकाल देणारे गृहस्थ आमच्या सोसायटीतले नव्हेत. ते रोज पहाटे आमच्या कंपाउंडच्या कडेकडेनं फिरायला जातात आणि त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. परवा त्या पिशवीत आमच्याच जास्वंदीच्या कळ्या होत्या. चोरानं घरात शिरावं आणि जाताना पडद्यांच्या रंगाला नावं ठेवावीत, तसला हा प्रकार. चहाच्या आधी मी कुणाशीही वाद घालत नाही हे या सदराच्या वाचकांना माहीत आहे, म्हणून त्यांना उत्तर इथे छापील देते.

पिटुनिया मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वांगी, मिरची, बटाटा आणि तंबाखू यांच्या कुळातला. आपल्याकडे तो हिवाळ्याचा पाहुणा. नर्सरीवाला कितीही ‘बारमाही आहे, ताई’ म्हणाला तरी पुण्याचा एप्रिल त्याला सोसत नाही. ऑक्टोबरात रोपं लावावीत, पाचसहा तास ऊन द्यावं, निचरा चांगला ठेवावा, पाणी मुळाशी घालावं, पाकळ्यांवर नाही. बोअरच्या क्षारांनी नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर त्याला लोह मिळत नाहीये असं समजावं. वासाचं म्हणाल तर संकरित रंगीत जातींना तो जेमतेमच, पण याच्या पूर्वजांपैकी एक पांढरा रात्री घमघमतो, लांब सोंडेच्या पतंगांना बोलावायला. आणि उपयोग? 1990 च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेनसेन आणि सहकाऱ्यांनी जांभळा पिटुनिया आणखी गडद करायला रंगाचं एक जास्तीचं जनुक घातलं, तर काही फुलं चक्क पांढरी उमलली. जनुकं अशी गप्प कशी बसतात, याचा उलगडा पुढे दुसऱ्या दोघांनी एका सूक्ष्म कृमीत केला आणि 2006 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पिटुनियाला कुणी विचारलं नाही. असो.

खरा मुद्दा पिशवीचा आहे.

आमच्या भागात साडेपाच ते साडेसहा ही फुलं नेण्याची वेळ. कुणाच्या काठीला वरच्या टोकाला आकडी असते. ती गुडघ्यासाठी नसते. काही जोडीनं येतात, एक तोडते, दुसरी रस्त्याकडे बघत मोठमोठ्यानं सुनेबद्दल बोलते. उमललेलं फूल यांना नको असतं. जास्वंदीची कळी न्यायची, म्हणजे ती पूजेच्या वेळेला त्यांच्या ताम्हनात उमलते आणि आमच्या झाडावर नुसते देठ उमलतात. पारिजातकाचा नियम वेगळा. याचं खाली पडलेलं फूलही देवाला चालतं, म्हणून आधी फांदी गदागदा हलवायची आणि मग ‘पडलेली’ फुलं वेचायची. इतकी कायदेशीर चोरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्यातल्या एकांना मी एकदा म्हटलं, ‘अहो काका, झाड आमचं आहे.’

‘देवाला नेतोय,’ ते म्हणाले.

या वाक्यावर मराठीत उत्तर नाही. तरी मी म्हटलं, ‘आमच्याही घरी देव आहेत.’

‘मग अर्धं पुण्य तुमचंच की!’ आणि तगरीकडे वळले.

माझी तक्रार भक्तीबद्दल नाही. बाजारात फुलांचा पुडा मिळतो, त्याला पैसे पडतात, एवढंच मला म्हणायचं आहे. पण या सगळ्या उद्योगात एक अन्याय आहे आणि तो पिटुनियावर होतो. जास्वंदीला आपलं फूल झाडावर मिरवायचं असतं, तिच्या कळ्या खुडल्या जातात. पिटुनियाला मात्र खुडणं हवंच असतं. फूल सुकलं की देठाशी बोंड धरतं, बोंडात धुळीसारखं बी तयार व्हायला लागतं आणि झाडाला वाटतं, संसार झाला, आता कशाला फुलायचं! म्हणून सुकलेलं फूल नुसतं पाकळ्या ओढून नव्हे, खालच्या हिरव्या बोंडासकट तोडावं लागतं, जवळजवळ रोज. शेंडे वाढून रोप बोडकं दिसायला लागलं तर निम्म्यापर्यंत छाटावं. पंधरवड्यात पुन्हा भरतं. हे सगळं मी एकटी, चिकट बोटांनी, कंबर धरून करते. आणि सराईत हातांची ती फौज माझ्या कुंड्यांसमोरून, डोळा वर करून न बघता, सरळ जास्वंदीकडे जाते.

शेवटी सोसायटीच्या कमिटीनं रविवारी पाटी लावली: ‘फुले तोडण्यास सक्त मनाई आहे.’ पुण्यात पाटी लागली म्हणजे प्रश्न सुटला असं धरायचं असतं. मी सेक्रेटरींना विनंती केली की माझ्या कुंड्यांपाशी आणखी एक छोटी पाटी लावू द्या: ‘येथील सुकलेली फुले अवश्य तोडावीत, बोंडासकट.’ ते बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘एकाच कंपाउंडात दोन परस्परविरोधी पाट्या लावायच्या तर विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा लागेल.’

वार्षिक सभा सप्टेंबरात असते.