भोंगा कोणासाठी?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरले की, रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतील. बातम्या झाल्या, कौतुकही झाले. पण भोंगा वाजला की मोठ्यांनाही मालिका अर्धवट सोडून उठावे लागत होते, ही त्यातली खरी मेख कोणी फारशी मनावर घेतली नाही.

राज्यासाठी तो भोंगा केव्हाच वाजायला हवा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. याचे सगळे खापर मोबाइलवर फोडणे सोयीचे आहे, खरे नाही. परीक्षेची धास्ती, घरातली भांडणे, पैशांची ओढाताण जुनीच आहे. मात्र पूर्वी वर्गातली थट्टा शाळेच्या फाटकाशी थांबायची. आता ती दप्तरातून घरी येते आणि उशाशी झोपते. रात्री साडेदहाला वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ पडतो, पाठोपाठ घटक चाचणीच्या गुणांची यादी. कोणीतरी यादीतल्या शेवटच्या नावाभोवती लाल गोल काढतो, खाली हसरे चेहरे जमू लागतात. ज्याचे नाव, तो पांघरुणात उजेड कमी करून आणखी किती जण हसले ते मोजत राहतो. सकाळी आई विचारते, ‘डोळे लाल का? रात्रभर गेम खेळत होतास ना?’ मोबाइल कपाटात जातो आणि पोराचे उरलेसुरले बोलणेही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. आपल्याकडेही तसेच करा म्हणणारे आहेत. करा हवी तर. पण त्या पोराने बोलायचे कोणाशी? शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. गणिताच्या बाईंच्या गळ्यात आणखी एक काम अडकवून ही नेमणूक कागदावर दाखवता येईल. ती तशी होणार नाही, हे पाहणे सरकारचे काम. आणि ‘आमच्या शाळेत समुपदेशक कोण, कुठल्या खोलीत बसतात?’ हे पुढच्या पालकसभेत विचारणे आपले.

संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर काही टाकायचे नाही आणि गुणांची यादी तर कधीच नाही, एवढे ठरवायला मुख्याध्यापकांना कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. घरातही रात्री सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत राहू द्या, बाबांचा आधी. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आज तो मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या आणि गरज वाटली तर स्वतःही लावा.