चुंबक आणि चुंबकाचा पट्टा

वरवट बकालच्या बाजारात मी एकदा एक चामडी पट्टा विकत घेतला. त्यात लोहचुंबकाच्या चकत्या शिवलेल्या होत्या. कपाळाभोवती बांधला की उदासी जाते, मुलांची बुद्धीही तल्लख होते, असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले. पट्टा माझ्या धाकट्या भावासाठी होता. लागोपाठ दोन हंगाम कपाशी बुडाली आणि ओट्यावर बसल्या बसल्या तो बोलेनासा झाला. शेजारी म्हणत, ‘याले बाहेरचं झालं.’ पट्ट्याने काडीचा फरक पडला नाही.

दिवाळीच्या फराळाबरोबर हे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. ज्या घरात माणूस असा बसलेला असतो, त्या घरातही दिवाळी येते, एवढेच माझे उत्तर.

विकणारा सगळेच खोटे बोलत नव्हता, हे खरे दुखणे. चुंबकाचा मेंदूवर परिणाम होतो. पण कोणत्या चुंबकाचा? चुंबकक्षेत्र बदलते तेव्हाच जवळच्या तारेत वीज उठते, हे फॅरेडेने १८३१ सालीच दाखवले. पट्ट्यातली चकती जागची हलत नाही. ती जन्मभर कपाळावर बांधा, मेंदूला तिचा पत्ताही लागणार नाही. १९८५ साली इंग्लंडात शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यात क्षणभर जबर वीज सोडली, आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. कवटीला धक्का न लावता मेंदूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतल्या पेशी जाग्या झाल्या होत्या.

हे ठोके सेकंदाला दहा दिले तर तो भाग बहुधा उत्तेजित होतो, एक दिला तर मंदावतो. ते आठवडेच्या आठवडे दिले की दूरदूरच्या भागांतले दळणवळणही बदलते. रचनाही बदलते काय? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात पाच दिवसांच्या ठोक्यांनंतर मेंदूच्या करड्या भागात वाढ दिसली. पण असे बदल टिकाऊ असतात असे कोणी समजू नये. औषधांनी न हटणाऱ्या औदासीन्यावर या उपचाराला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. सर्वांनाच गुण येत नाही. डोके दुखते, क्वचित फेफरेही येते. डोक्यात धातू असेल त्याने जवळ जाऊ नये. म्हणूनच हे काम डॉक्टरांचे आहे. ‘मेंदू भाजून काढतात’ म्हणणाऱ्या आमच्या शहाण्यांनी मात्र एवढे ऐकावे: यात भूल नाही, माणूस खुर्चीत जागा असतो, बोलतो.

माझा भाऊ असाच बसला. शहरात खोली घेऊन सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. चौथ्या आठवड्यात त्याने मला विचारले, ‘दादा, कापसाचा भाव काय चालू आहे?’ त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांना काहीच गुण आला नाही, हेही सांगितले पाहिजे. आमची त्या वर्षीची पेरणी मात्र खोलीच्या भाड्यात गेली.

आणि म्हणून माझे भांडण. खोटे चुंबक आमच्या बाजारापर्यंत चालत येते; खऱ्या चुंबकासाठी शेतकऱ्याने शेत सोडायचे! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या प्रयोगात तीन मिनिटांची बैठक जुन्या सदतीस मिनिटांच्या बैठकीइतकीच गुणकारी ठरली. म्हणजे एक यंत्र दिवसाकाठी कितीतरी माणसे पाहू शकेल. तीन मिनिटे खुर्चीत बसण्यासाठी माणसाने दिवसभर एसटीत बसावे काय? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की उपचार परवडणारा हवा आणि अंतरानेही आवाक्यातला हवा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आपण मात्र घरातल्या मुक्या माणसाला लपवतो, आणि ज्याची मागणीच नाही ते सरकार कशाला देईल? लाज सोडा. मेंदूही हाडामांसाच्या देहाचाच भाग आहे; मोडला हात आपण लपवत नाही. दिवाळी आटोपली की आपापल्या जिल्हा रुग्णालयात जा आणि विचारा: मनाच्या आजारावर इथे काय मिळते, आणि जे मिळत नाही ते केव्हा मिळणार? एकाने विचारले तर हसतील. शंभरांनी विचारले तर लिहून घेतील.