लॉग पुसू नका, आधी वाचा

ही विनंती आहे नागपूरच्या इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याला, कळमन्यातल्या अडत्याला, धंतोलीतल्या लहान हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसणाऱ्या ताईला, पतसंस्थेच्या सचिवांना आणि शाळेच्या कॉम्प्युटर सरांना. तुमच्याकडे कोपऱ्यात एक सर्व्हर चालू असतो. मधेच बिल अडकतं, टॅली गोठते, ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’ असा संदेश येतो. कुणीतरी रिस्टार्ट मारतं, काम सुरू होतं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी इंजिनिअर येतो, विंडोजच्या नोंदी म्हणजे लॉग दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडतो, लाल खुणांची रांग बघतो आणि बरेचदा ‘क्लिअर लॉग’ दाबून मोकळा होतो. हे बटण दाबू देऊ नका. त्या रांगेतच तुमच्या दुखण्याचं कारण दडलेलं असतं, आणि ते शोधायला पुष्कळदा इंजिनिअरही लागत नाही.

लॉगमधली ओळ काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढं आधी समजून घ्या. सर्व्हरला जे दिसलं ते तो लिहितो. का झालं, ते त्याला ठाऊक नसतं. 30 मे 2024 आठवा. ऐन नवतप्यात नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी गेली. दुसऱ्या एका केंद्रानेही पन्नाशी ओलांडली होती. बाकीची केंद्रं मात्र 44 अंशांच्या आसपास होती. ती ताडून पाहिल्यावर हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सर्व्हरच्या नोंदीलाही असाच दुसरा साक्षीदार लागतो. ‘संपर्क तुटला’ असं सर्व्हर म्हणतो, तेव्हा बाकीचे कॉम्प्युटर त्या मिनिटाला काय म्हणत होते? सगळेच अडकले होते, की एकटा मागच्या खोलीतला? सगळे अडकले असतील तर दोष सर्व्हर, स्विच किंवा विजेकडे शोधा. एकच अडकला असेल तर त्याच्या केबलकडे बघा. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

नेट गेलं आणि नेटवर्क गेलं, यातही गल्लत करू नका. बाहेर सिमेंट रस्त्यासाठी खोदकाम चालू असेल आणि फायबर तुटली तर इंटरनेट जातं. पण तुमच्याच दुकानातल्या सर्व्हरवरची टॅली त्यामुळे अडकायचं कारण नाही. ती अडकत असेल तर ब्रॉडबँडवाल्याशी भांडण्यात दिवस घालवू नका. बिघाड तुमच्या चार भिंतींच्या आत आहे.

आता ओळीतली सगळ्यात मोलाची गोष्ट: वेळ. एक साधी वही करा. लाल ओळीची तारीख, वेळ, तिचा इव्हेंट क्रमांक आणि त्या वेळी दुकानात काय चाललं होतं, एवढंच लिहा. आठवडाभरात नमुना दिसू लागतो. रोज संध्याकाळी हिशेब बंद करतानाच बिघडतं, की बॅकअप सुरू झाला की, की लाइट गेली की? राउटरच्या नोंदींशी मेळ घालताना मात्र सावध राहा. बरेच राउटर आपली नव्हे, जागतिक प्रमाणवेळ धरून चालतात. सर्व्हरवर दुपारचे 2:40 असतील तर तिथे सकाळचे 9:10 दिसतील. साडेपाच तासांचा हा फरक न धरल्याने चांगले जाणते लोकही चुकीच्या ओळीमागे लागतात.

नागपुरात मी सगळ्यात आधी विजेकडे बघायला सांगेन. सर्व्हरला यूपीएस असतो, पण ज्या स्विचमधून सगळ्या केबल जातात तो साध्या बोर्डात खोचलेला असतो. लाइट क्षणभर लपकली की सर्व्हर जिवंत राहतो, स्विच मात्र बंद होऊन पुन्हा उठतो. सर्व्हर प्रामाणिकपणे लिहितो: नेटवर्क लिंक तुटली. इंटेलच्या नेटवर्क कार्डावर या ओळीचा इव्हेंट क्रमांक बहुधा 27 असतो. मग लोक कार्ड बदलतात, विंडोज नव्याने टाकतात. आणि गरज असते फक्त स्विचचा प्लग यूपीएसमध्ये लावण्याची.

दुसरा संशय आपल्या कूलरवर घ्या. उन्हाळ्यात तो खिडकीत बसतो आणि त्याची ओली हवा नेमकी रॅकवर येते. केबलच्या टोकाचा आरजे-45 प्लग काढून त्याच्या सोनेरी पिना उजेडात धरा. हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर ती पॅच कॉर्ड फेकून द्या, पुसून परत लावू नका. क्रिम्पिंग केलेल्या टोकाची खिट्टी मोडली असेल, बोट लावताच स्विचवरचा दिवा लपलपत असेल, तरी तेच करा. एका केबलचा पल्ला 100 मीटर. गोदामापर्यंत त्याहून लांब ओढली असेल तर मध्ये स्विच हवा किंवा फायबर हवी. स्वस्तातल्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलला नाही म्हणा. पैसे वाचतात ते एकदाच, त्रास मात्र वर्षानुवर्षं पुरतो. आणि स्विच, यूपीएस जमिनीवर ठेवू नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा तळमजल्यांत पाणी शिरायला वेळ लागला नव्हता.

काही क्रमांक ओळखीचे करून घ्या. 4199 दिसला तर दोन यंत्रांना एकच आयपी पत्ता मिळालाय. या ओळीत दुसऱ्या यंत्राचा हार्डवेअर पत्ताही छापलेला असतो. कॅमेऱ्याचा डीव्हीआर किंवा नवा प्रिंटर नुकताच बसवला असेल तर त्याच्या स्टिकरवरचा पत्ता ताडून बघा. 1014 म्हणजे नावावरून पत्ता शोधताना उत्तर आलं नाही. 5719 म्हणजे डोमेन कंट्रोलरशी सुरक्षित संपर्क जुळला नाही. डोमेन असेल तर घड्याळंही तपासा, कारण पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की ओळख पटवणंच नाकारलं जातं.

10028 थोडा निवांत वाचा. ‘अमुक कॉम्प्युटरशी संपर्क होऊ शकला नाही’ असं ही ओळ म्हणते आणि त्या कॉम्प्युटरचं नाव देते. ते नाव अनेकदा कधीच भंगारात गेलेल्या यंत्राचं निघतं. ओळीच्या शेवटी विचारणा करणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रमांक असतो, पुष्कळदा त्याचं ठिकाणही. प्रिंटरचं किंवा देखरेखीचं एखादं जुनं सॉफ्टवेअर त्या गेलेल्या कॉम्प्युटरला अजून हाका मारत असतं. त्याच्या यादीतून ते नाव काढलं की ओळ थांबते. ही ओळ निरुपद्रवी वाटते, पण लॉगची जागा मर्यादित असते. सिस्टम लॉगला मुळात 20 एमबी मिळते आणि ती भरली की जुन्या ओळी आपोआप पुसल्या जातात. निरर्थक ओळींच्या गर्दीत खरी ओळ हरवते.

एका ओळीला मात्र नेटवर्कचा बिघाड समजून सोडून देऊ नका. टर्मडीडी या नावाने 56 क्रमांक वारंवार, रात्री-अपरात्री येत असेल आणि त्यात अनोळखी बाहेरचा आयपी पत्ता असेल, तर दार कुणीतरी ठोठावतंय. सुरक्षा लॉगमध्ये 4625, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या ओळी सापडल्या तर शंकाच नको. घरून टॅली बघता यावी म्हणून कुणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट सरळ इंटरनेटला उघडून दिलेला असतो. तो आजच बंद करा आणि घरून काम हवं असेल तर व्हीपीएन घ्या. लहान संस्थेकडे कोण बघतंय, हा भ्रम आहे. जुलै 2024 च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांची पेमेंट सेवा तात्पुरती तोडावी लागली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या-संस्थांनी लॉग 180 दिवस जपायचे आहेत आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे. पुसलेल्या लॉगमधून काय कळवणार?

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा. केबल, ड्रायव्हर आणि स्विच एकाच दुपारी बदलले तर नेमका गुण कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तिन्हींचा खर्च पुन्हा होतो. बदल केला की वहीत लिहा आणि पूर्वी जितक्या दिवसांनी ओळ येत होती त्याच्या दुप्पट दिवस वाट बघा.

इंजिनिअर फॉरमॅट मारायला निघाला तर त्याला थांबवा. सिस्टम, ॲप्लिकेशन आणि सिक्युरिटी या तिन्ही लॉगवर उजवी क्लिक करून ‘सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज’ करायला लावा आणि फाइल्स तारखेच्या नावाने बाहेरच्या डिस्कवर घ्या. तिथेच प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लॉगची कमाल मर्यादा वाढवून ठेवा. या कामाला दहा मिनिटंही लागत नाहीत. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे पैसे तुम्ही भरता. ही मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.