गिअर बॉक्सचा आवाज दाबू नका, ओळखा



गळीत हंगाम तोंडावर आला. वाहतूक करारासाठी गट ऑफिसात गर्दी सुरू आहे. करार करताना आम्ही टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो, ट्रॉलीचा हूक आणि मागचे तांबडे परावर्तक पाहतो. गिअर बॉक्सकडे मात्र कुणी कान देत नाही. यंदापासून तो द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गेल्या हंगामात आमच्या गटातले एक जुने एचएमटी हेड दोन भरल्या ट्रॉल्यांसह ओढ्याच्या चढावर जागीच अडकले. गिअर पुढे जाईना की मागे येईना. तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा असे आम्हीच सभेत सांगतो; तो ऊस पडला तिसऱ्या दिवशी. वजन घटले, उतारा घटला, आणि नुकसान झाले ते ज्याचा ट्रॅक्टर त्याचे नव्हे, ज्याचा ऊस त्याचे. ड्रायव्हरला विचारले तर म्हणाला, "साहेब, महिनाभर घूं घूं करत होतं, पण चालत होतं की!" ड्रेन नट काढला तेव्हा तेलाबरोबर लाकडाचा भुसा आला. हेड हंगामाच्या तोंडावर जुन्या बाजारातून घेतलेले. विकणाऱ्याने भुसा घालून आवाज मारला होता. रोग तसाच राहिला.

आवाज ओळखायला मिस्त्री लागत नाही. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा, न्यूट्रल, पीटीओ बंद, इंजिन मंद. पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि क्लच पूर्ण दाबला की थांबते, तर टॉप शाफ्टचे किंवा खालच्या शाफ्टचे बेअरिंग गेले समजा. उलट, पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. त्यासाठी गिअर बॉक्स उघडू देऊ नका. ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो खरा, मग त्याच खर्चात क्लचप्लेटही पाहून घ्या.

नंतर रस्त्यावर चालवून पाहा. आवाज एकाच गिअरला येतो तर त्याच गिअरचे दाते झिजले किंवा तुटले आहेत. सगळ्या गिअरला येतो, आणि ओढताना एक सूर, ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा, तर क्राऊन-पिनियनकडे बघा. फक्त वळणावर कटकट वाजते तर डिफरन्शियल. क्राऊन-पिनियन ही जोडी असते, बदलायची तर दोन्ही मिळूनच. एकच बदलू म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवावे. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप मागच्या हाउसिंगमध्येच असतो. तेल कमी झाले किंवा जाळी तुंबली की तोही रडतो, आणि मालक उगाच गिअर उघडून बसतो.

आता एक खरे सांगितले पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरांत सरळ दात्यांचे गिअर फार, ते थोडे गाणारच. त्याला भिऊ नये. कालचा आवाज आणि आजचा आवाज यांतला फरक कळला पाहिजे, आणि तो रोज बसणाऱ्यालाच कळतो.

तेल गरम असताना ड्रेन नट काढा. करडा, मऊ लगदा चिकटलेला असेल तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर काम लांबवू नका. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. बहुधा गिअर लिव्हरचे फाटके रबर हेच त्याचे कारण. पावसाळाभर उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरात पाणी तिथूनच उतरते. शंभर-दोनशेच्या रबरासाठी बेअरिंगे जातात! आणि 'नव्वद नंबर सगळ्याला चालते' हे खरे नाही. ज्या ट्रॅक्टरात गिअर आणि हायड्रॉलिकला तेल एकच, तिथे पुस्तकात लिहिलेलेच घालावे.

"उचल मिळू द्या, मग काम काढू," असे पुष्कळजण म्हणतात. उचल टोळीला जाते हे त्यांनाही ठाऊक असते. शिवाय पिंजोरचा एचएमटी ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीच झाला. अशा गाड्यांचे सुटे भाग शोधायलाच आठवडा जातो, ते भर हंगामात कुठून आणणार? थोडा दोष आमच्याकडेही आहे. काट्यावर जास्त टन आणणाऱ्याची पाठ आम्हीच थोपटतो, आणि दाते तुटतात ते त्याच ओझ्याने.

म्हणून आम्ही शेतकी समितीपुढे मांडणार आहोत, की करारावेळी प्रत्येक हेडची ही तपासणी व्हावी. दोष निघाला तर करार रद्द करू नये, दुरुस्तीला पंधरा दिवस द्यावेत. ठराव होईल तेव्हा होईल. आमच्या गटात मात्र येत्या सोमवारपासून सुरुवात करतो. ट्रॅक्टर रिकामा आणावा, ड्रायव्हर सोबत असावा, आणि टेप बंद करून यावे. गाण्यापुढे आम्हाला काही ऐकू येत नाही.