विश्लेषण : राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीत चिखलफेक कोणासाठी?

मोर्शीतला संत्रा बागायतदार राष्ट्रपती निवडायला मतदान करत नाही. त्याचा आमदार करतो, आणि त्या एका मताचे मूल्य १७५ धरले जाते. राज्याच्या १९७१ मधील लोकसंख्येला आधी २८८ ने आणि मग हजाराने भागून हा आकडा येतो. देशभरात असे मतदार पाच हजारही नाहीत. तरी या निवडणुकीत पत्रके निघतात, पुस्तिका छापल्या जातात, जुनी प्रकरणे उकरली जातात. जनतेला मतच नाही, मग हा खटाटोप कशाला?

अमरावतीच्या माजी खासदारांबाबत काय झाले?

२००७ मध्ये काँग्रेस आघाडीने प्रतिभाताई पाटील यांना उमेदवारी दिली. त्या १९९१ ते १९९६ या काळात अमरावतीच्या खासदार होत्या. पती देवीसिंह शेखावत अमरावतीचे माजी आमदार. समोर भाजप आघाडीचा पाठिंबा असलेले उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. म्हणजे आडनावाने पाहिले तर शेखावतांच्या घरातलीच लढत!

प्रतिभाताईंच्या विरोधात पुस्तिका आणि संकेतस्थळ निघाले. त्यांच्याशी संबंधित महिला सहकारी बँक, जळगाव जिल्ह्यातील साखर कारखाना, नातेवाइकांवरील आरोप असे सगळे बाहेर आले. यातले काही प्रश्न रास्तच होते. बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये खरोखर रद्द केला होता. पण त्याच गाठोड्यात पडदा पद्धतीवरचे त्यांचे विधान आणि माउंट अबूच्या आध्यात्मिक अनुभवाची टिंगलही बांधली गेली. काँग्रेसने आरोप फेटाळले आणि शेखावत यांच्या पोलिस खात्यातील जुन्या नोकरीवर बोट ठेवले.

नेम कोणावर असतो?

काठावरच्या आमदार-खासदारांवर. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाला व्हीप काढता येत नाही. पक्षाची ओळ मोडायची तर आमदाराला फक्त सांगण्याजोगे कारण हवे असते. उमेदवाराची बदनामी ते आयते पुरवते. २००७ मध्ये मात्र डाव उलटला. भाजपच्या मित्रपक्ष शिवसेनेनेच मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. त्यांना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, शेखावत यांना ३,३१,३०६.

गुप्त मताचा संशय मोर्शीलाही चिकटला होता, पण तो राज्यसभेच्या निवडणुकीत. १० जून २०२२ च्या मतदानात शिवसेनेचे संजय पवार पडले. दुसऱ्या दिवशी संजय राऊत यांनी मते न देणाऱ्यांची नावेच जाहीर केली. त्यात मोर्शीचे आमदार देवेंद्र भुयार होते. भुयार यांनी आरोप फेटाळला. राज्यसभेत पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षाला ती कोणालाच दाखवता येत नाही. राऊत यांनी भुयार यांना अपक्षांतच धरले होते. म्हणजे आरोप करणाऱ्याकडे पुरावा नाही आणि ज्याच्यावर आरोप झाला त्यालाही तो देता येत नाही. त्याच निवडणुकीत राज्यसभेवर गेले अनिल बोंडे, ज्यांना भुयार यांनी २०१९ मध्ये मोर्शीत हरवले होते. संशयाला एवढा योगायोग पुरला.

कायदा काय करतो?

फार थोडे. १९६९ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे निनावी पत्रक थेट संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटले गेले. विजयी व्ही. व्ही. गिरी यांच्याविरुद्ध याचिका झाली आणि राष्ट्रपतीपदावर असतानाच गिरी यांनी सर्वोच्च न्यायालयात साक्ष दिली. पत्रक वाटले गेले, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यात गिरी यांचा हात असल्याचे सिद्ध झाले नाही. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली.

१९५२ च्या कायद्यानुसार लाचखोरी, गैरवाजवी दबाव, अर्ज चुकीने फेटाळणे अशा मोजक्या कारणांवरच निवड रद्द होऊ शकते. नुसती बदनामी त्या यादीत नाही. ती दबावाच्या व्याख्येत बसवून दाखवावी लागते. याचिका फक्त सर्वोच्च न्यायालयात आणि निकालानंतर ३० दिवसांत करायची. तीही उमेदवाराने किंवा किमान २० आमदार-खासदारांनी एकत्र येऊन. पुढची निवडणूक २०२७ च्या जुलैत अपेक्षित आहे. तेव्हा मोर्शीच्या मतदाराच्या फोनवर काय काय येऊन पडेल ते पडेल, त्याला स्वतःला ही याचिका करता येणार नाही.