पांढऱ्या पट्ट्याचे दिवस

जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या-दप्तरांबरोबर पालकांच्या यादीत हल्ली कराटेचा वर्गही असतो. मुलगा धीट व्हावा, मुलीला संध्याकाळी एकटीने परतताना भय वाटू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र पहिला प्रश्न बहुधा असा असतो की काळा पट्टा किती वर्षांत मिळतो? मुदत ठेव केव्हा पिकणार, हे विचारावे तसा! अडचण तेथूनच सुरू होते. कराटेचा सगळा पाया पांढऱ्या पट्ट्याच्या कंटाळवाण्या महिन्यांत घातला जातो आणि पुष्कळ नवशिके नेमके त्याच काळात वर्ग सोडतात.

ही विद्या मूळची ओकिनावा बेटाची. तेथील शाळाशिक्षक गिचिन फुनाकोशी (जन्म १८६८) बालपणी प्रकृतीने अत्यंत अशक्त होते. सरावाने आपली प्रकृती सुधारली, हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत नमूद केले आहे. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिके दाखविली आणि पुढे ते तेथेच शिकवीत राहिले. पट्ट्याची पद्धत त्यांनी ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्याकडून घेतली आणि १९२४ मध्ये पहिले काळे पट्टे दिले. म्हणजे विद्या जुनी, पट्टा अलीकडचा.

नवशिक्याला पहिल्या दिवशी कोणावरही हात उगारावा लागत नाही. अंगठी, साखळी, घड्याळ काढून, नखे कापून, अनवाणी उभे राहायचे आणि गुरूंना वाकून नमस्कार करायचा. मग मूठ. चार बोटे घट्ट मिटून अंगठा बाहेरून, तर्जनी व मध्यमेवर आडवा ठेवायचा. अंगठा मुठीच्या आत राहिला तर पहिल्याच आघातात तो दुखावतो. आघात तर्जनी व मध्यमेच्या मुळाशी असलेल्या हाडांनी, मनगट सरळ ठेवून करायचा. नवख्याचे सारे लक्ष पुढे जाणाऱ्या हाताकडे असते. शिक्षक मात्र कमरेकडे ओढला जाणारा दुसरा हात पाहत असतात. जोर खांद्यातून नव्हे, कमरेच्या वळणातून येतो, हे सांगून कळत नाही. शेकडो वेळा केल्यावर एखाद्या दिवशी ते अंगाला समजते. उभे राहणेही नव्याने शिकावे लागते. पुढचा गुडघा पावलाच्या रेषेत वाकलेला, मागचा पाय ताठ, टाच जमिनीला टेकलेली. तो गुडघा आत कलला तर वर्षभराने दुखणे निघते.

शोतोकान पद्धतीत यानंतर ‘हेइआन शोदान’ हा पहिला ‘काता’, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, शिकवितात. त्यात एकवीस हालचाली आहेत आणि पहिली हालचाल आघाताची नसून डावीकडून येणारा आघात खाली अडविण्याची आहे. घरातील वडीलधाऱ्यांना जी शंका येते, की अहिंसा पाळणाऱ्या घरात मारण्याची विद्या कशाला, तिचा विचार येथे करता येतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगताना गृहस्थाला प्रथम संकल्पी हिंसा वर्ज्य सांगितली आहे. स्वरक्षणाचा विचार विरोधी हिंसेत वेगळा केला आहे. फुनाकोशींचीही शिकवण हीच होती की पहिला हात आपण उचलायचा नाही. ज्या वर्गात शेजारच्या मुलाला पाडल्याचे कौतुक होते, तेथे ही शिकवण पोचलेली नाही, असे खुशाल समजावे.

पंधरा दिवसांच्या शिबिराने मुलगी स्वतःचे रक्षण करू लागेल, या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. तेवढ्यात फार तर मोठ्याने ओरडणे, अंतर राखणे आणि वेळीच निघून जाणे शिकता येते. अर्थात तेही थोडे नाही.

प्रवेशापूर्वी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून वर्ग पाहावा. लहान मुलांना हातमोजे व दातांचे संरक्षक न देता लढत खेळवितात काय? चुकणाऱ्याला ओरडतात की थांबून दुरुस्त करतात? मग हिशेब विचारावा. मासिक शुल्काखेरीज पट्ट्याच्या परीक्षेचे शुल्क किती, वर्षात परीक्षा किती आणि तयारी नसलेल्या मुलाला थांबवितात काय? प्रत्येक परीक्षेत प्रत्येक मूल उत्तीर्ण होत असेल, तर तेथे पट्टे विकले जात आहेत. उसना माल नफ्यात धरण्यासारखेच ते. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू हे पद्धतींचे भेद नवशिक्याने मनावर घेऊ नयेत, शिक्षक पाहावा. पोशाख हलक्या सुती कापडाचा, किंचित सैल घ्यावा, कारण धुतल्यावर तो आटतो.

दिवसभर पेढीवर बसणाऱ्या चाळिशीपुढील गृहस्थांनीही सुरुवात करण्यास हरकत नाही. रक्तदाब वा गुडघ्याची तक्रार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, आघात करताना श्वास कोंडू नये आणि उंच लाथेचा हट्ट धरू नये. प्रश्न उरतो वेळेचा. बहुतेक वर्ग संध्याकाळी भरतात, भरल्या पोटी सराव होत नाही आणि हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चोविहार करणाऱ्यांनी सकाळची तुकडी आहे काय, ही चौकशी शुल्क भरण्यापूर्वीच करावी.