बकऱ्याचा इसार दिला, दोन रुपयांचे ब्लेड विसरलो



आमची धाकटी लेक घरातच जन्मली. तसे ठरले नव्हते. जुलै २०१०, आमगावात दिवसभर झड लागलेली. दवाखान्यात नाव नोंदवले होते, तारीख दोन आठवडे पुढची होती. रात्री दोनला कळा सुरू झाल्या. ज्या जीपवाल्याला सांगून ठेवले होते त्याचा फोन लागेना आणि दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी पावसात गाडी शोधून रिकाम्या हाताने परतलो, तोवर शेजारच्या खालांनी बाळ हातात घेतले होते.

"बेटा, नवीन ब्लेड दे," त्या म्हणाल्या. मी दाढीचे सामान पुढे केले. त्यांनी ते हाताने बाजूला सारले. बाळ पुसून कोरडे केले, अम्मीच्या छातीवर ठेवले, ओढणीने झाकले आणि नाळ तशीच राहू दिली. शेजारच्या मुलाने किराणावाल्याला उठवून ब्लेडचे पाकीट आणले. गॅसवर दोरा उकळला. मगच नाळ बांधली आणि कापली गेली. अल्हम्दुलिल्लाह, दोघी सुखरूप राहिल्या.

सकाळी मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. अकीक्याच्या बकऱ्याचा इसार देऊन झाला होता. मुलगा झाला तर काय नाव, मुलगी झाली तर काय, हेही ठरले होते. फक्त दोन रुपयांचे ब्लेड घरात नव्हते. मी बीएड केलेला मास्तर, मुलांना स्वच्छतेचा धडा शिकवणारा!

आधी स्पष्ट सांगतो: जचकी दवाखान्यातच व्हावी. रक्तस्राव सुरू झाला किंवा बाळ रडलेच नाही, तर घरात कुणाच्या हाती काही नसते. सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधे आणि नेण्याआणण्याची गाडी मोफत आहे. तरीही प्रत्येक घरात एक पिशवी तयार असावी, असे माझे मत आहे. काही जण म्हणतात, सामान ठेवले की लोक घरीच बाळंतपण उरकतील. मला हे पटत नाही. छत्री घेतली म्हणून कुणी मुद्दाम पावसात जाऊन उभा राहत नाही. सालेकसा, देवरीकडच्या जंगलातल्या गावांत नाला भरला की रस्ता बंद होतो. त्या रात्री बाळ थांबत नाही.

पिशवीत काय ठेवायचे? साबण, स्वच्छ प्लास्टिकची चादर, वेष्टनातले नवे ब्लेड, नाळ बांधायला दोरा, धुऊन उन्हात वाळवलेले चार-पाच सुती कपडे, बाळाची टोपी, बॅटरी. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे, या पाच स्वच्छता दायांच्या प्रशिक्षणात शिकवल्या जात. राख, शेण, हळद, तेल यांतले काहीही नाळेवर नको. कितीतरी बाळे धनुर्वाताने याच वाटेने गेली. २०१५ मध्ये भारताने नवजात धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे जाहीर झाले, ते गरोदरपणातली लस आणि ही स्वच्छता यांमुळे. स्वच्छ ब्लेड नसेल तर नाळ कापण्याची घाई करू नये. बाळ आईजवळ उबेत ठेवून मदतीची वाट पाहावी.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी असे सामान त्यांच्या हाती दिले. त्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. आज आशाताई बाळ पाहायला घरी येते, त्यामागे हेच काम आहे. थोडे सामान आणि ते वापरणारा शिकलेला हात, एवढ्यावर हे घडले.

आपल्या समाजात अशी तयारी केली की "अल्लाह मालिक है" म्हणून ती उडवून लावणारेही भेटतात. बीबी मरियम यांचा किस्सा आठवा. खजुराच्या झाडाखाली त्या एकट्या होत्या, तेव्हा पायाशी पाण्याचा झरा आणि हाताशी ताजे खजूर होते. शिवाय झाडाचे खोड हलवायला त्यांनाच सांगितले गेले. भरवसा अल्लाहवर ठेवायचा, पण खोड आपण हलवायचे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

बाळाच्या कानात अजान जरूर द्या. मधाचे बोट मात्र तोंडात घालू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे. पहिल्या तासातच आईचे दूध पाजा. तो पिवळा चीक फेकायचा नसतो. पहिल्या दिवशी अंघोळही नको.

आणि भावांनो, हे "बायकांचे काम" म्हणून बाहेर पडू नका. आठवा महिना लागला की पिशवी आपण भरायची. दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि २०१४ पासून आपल्या राज्यात सुरू असलेला १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायचा. खर्चाचे पैसे बाजूला काढायचे. रक्त देणारे दोघे सांगून ठेवायचे.

खाला आता हयात नाहीत. शाळेतला सहकारी बाप होणार असे कळले की मी मिठाई मागण्याआधी त्याला विचारतो, "ब्लेड आणले का?" तो हसतो. मी हसत नाही.